रात्री सव्वा वाजताचा मेसेज

"मॅडम, आज तीन वेळा उठून त्याच्याजवळ गेले आणि चौथ्यांदा ओरडले. तो रडत रडत झोपला. याचा त्याच्या मनावर कायमचा परिणाम होईल का?"

मेसेज रात्री १ वाजून १४ मिनिटांनी आला होता. मी योगायोगानं जागी होते. लगेच लिहिलं, "एका रात्रीच्या ओरडण्यानं असं काही होत नाही. तुम्ही मनापासून करताय. आता झोपा." दोनच मिनिटांत उत्तर आलं, "थँक यू मॅडम. खूप बरं वाटलं."

मलाही बरं वाटलं, आणि तिथेच चुकलं. ती चूक उमगायला मला पुढचे तीन आठवडे लागले. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्या तीन आठवड्यांसाठी. ऑनलाइन समुपदेशनात थेरपिस्ट सहज हाताशी असतो, हीच त्याची मोठी सोय मानतात. चिंतेनं ग्रासलेल्या पालकाच्या बाबतीत ती सोय आजाराचा भाग कशी होते, हे मी या प्रकरणात जवळून पाहिलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि नाव मुद्दामच दिलेलं नाही.

सुरुवातीचं चित्र

त्या ३६ वर्षांच्या. मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची. हिशेबाचं काम, निम्मं ऑफिसात आणि निम्मं घरून. नवरा आठवड्यातले चार दिवस उशिरा परततो. तक्रारी त्यांनी एका दमात सांगितल्या: छातीत धडधडतं, मान आणि खांदे दगडासारखे होतात, अंथरुणाला पाठ टेकल्यावर दोन-दोन तास झोप लागत नाही, मुलावर ओरडणं रोजचं झालंय आणि त्यानंतरचा अपराधीपणा दिवसभर पाठ सोडत नाही. हे सगळं साधारण दीड वर्षापासून.

धडधड आहे म्हटल्यावर मी पहिल्यांदा त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड वाढलेला असेल, रक्त कमी असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर हुबेहूब चिंतेसारखी लक्षणं दिसतात, आणि पडद्यावरून मला नाडी तपासता येत नाही. रक्त तपासणी आणि ईसीजी, दोन्ही ठीक निघाले. मग काम सुरू केलं.

जीएडी-७ या चिंतेच्या प्रश्नावलीत त्यांचे १६ गुण आले. २००६ साली प्रसिद्ध झालेली ही साधी प्रश्नावली आहे: सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम आणि १५ पासून तीव्र चिंता धरतात. उदासीनतेसाठीच्या पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी ११. त्यातला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल असतो. तिथे त्यांनी शून्य लिहिलं होतं.

त्या शून्यावर मी आठवडाभर विसंबून राहिले. तसं राहायला नको होतं.

पहिल्या सत्रात त्या फार हळू बोलत होत्या. दर वाक्याला डावीकडे नजर जायची, वाक्य अर्धवट सुटायचं. संकोच असेल असं मला वाटलं. चाळिसाव्या मिनिटाला मी विचारलं, "तुमचं बोलणं आत्ता कुणाला ऐकू जातंय का? फक्त हो किंवा नाही म्हणा." त्या म्हणाल्या, "हो." शेजारच्या खोलीत घरची मंडळी होती आणि दार नीट लागत नव्हतं. प्रश्नावलीही त्यांनी तशीच, कुणीतरी मागून ये-जा करत असताना भरली होती. माझ्या खोलीत कुणी आलं की दार मी लावते. ऑनलाइनमध्ये दार समोरच्याच्या घरात असतं, तेव्हा ते लागलंय का हे पहिल्या मिनिटाला विचारणं माझं काम होतं.

पुढचं सत्र त्यांनी इमारतीखाली उभ्या असलेल्या गाडीत बसून केलं. फोन स्टिअरिंगला टेकवलेला, कानात इअरफोन, काचा बंद. पहिली दहा मिनिटं त्या फक्त रडल्या. मग म्हणाल्या, "किल्ली हातातच असते. कधी कधी वाटतं गाडी सुरू करावी आणि परत येऊच नये."

असं वाक्य कानावर पडलं की उगाच धीर देऊ नये आणि घाबरूही नये. सरळ विचारावं. मी विचारलं, मरावंसं वाटतं का? कसं, कधी असा काही विचार केलाय का? मुलांना आपल्या हातून इजा होईल अशी भीती वाटते का, कधी झालीय का? आत्महत्येबद्दल विचारल्यानं तो विचार डोक्यात रुजत नाही, हे आता पुरेसं तपासलं गेलंय. उलट विचारणारा भेटला की माणूस मोकळं बोलतो. त्यांची उत्तरं स्पष्ट होती. मरायचं नव्हतं, झोपायचं होतं, एकटीनं. योजना नव्हती. सहा महिन्यांपूर्वी मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला होता, तो आजही डोळ्यांसमोर येत होता.

सगळं सोडून निघून जावं हा विचार पालकत्वाच्या थकव्यात फार वेळा भेटतो. बेल्जियममधल्या इझाबेल रॉस्काम आणि मोइरा मिकोलाझॅक या संशोधकांनी या थकव्याची जी वैशिष्ट्यं मांडली, ती मला रोजच्या कामात ओळखीची वाटतात: पालक म्हणून हाडापर्यंत मुरलेला थकवा, मुलांपासून आलेला भावनिक दुरावा, आता यात काही आनंद उरला नाही ही भावना आणि "मी आधी अशी आई नव्हते" ही टोचणी. नोकरीच्या थकव्यात सुट्टी टाकता येते. इथे ती मिळत नाही, म्हणून मन पळण्याची स्वप्नं बघतं. त्यांच्याच संशोधनात या थकव्याचा मुलांकडे दुर्लक्ष होण्याशी आणि हात उगारण्याशीही संबंध दिसला आहे, त्यामुळे हे वरवरचं दुखणं मानून चालत नाही.

आम्ही त्याच सत्रात सुरक्षेचा आराखडा लिहिला. अगदीच असह्य झालं तर फोन कुणाला, मुलं तासभर कुणाकडे, त्यांच्या भागातला आपत्कालीन क्रमांक कोणता. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला त्या कुठे बसल्या आहेत ते मला सांगतील. फोन तुटला तर मी पाच मिनिटांच्या आत करीन, त्यांनी करायचा नाही. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते. पण माणूस रडत असताना चित्र गोठलं आणि आता कुणी कुणाला फोन करायचा हे ठरलेलं नसलं, तर त्या दोन मिनिटांत त्याला पुन्हा टाकून दिल्यासारखं वाटतं.

रात्री नऊ ते पावणेअकरा

दिवसभराच्या ताणाबद्दल आम्ही बरंच बोललो, पण बोलणं फिरून एकाच जागी यायचं: मुलाची झोपायची वेळ. नऊला दिवा मालवायचा. तो झोपायचा पावणेअकराला. मधल्या काळात पाणी, शू, पांघरूण, "आई, एक विचारू?", "आई, उद्या तू असशील ना?" त्या दर वेळी उठून जायच्या. दहा वाजेपर्यंत समजावणं, सव्वादहाला दटावणं, साडेदहाला ओरडणं. मग तो रडायचा, त्याही रडायच्या, आणि तो झोपेपर्यंत माफी चालायची.

ती माफी मला आधी चांगली वाटली होती. खोदून विचारल्यावर तिचा खरा आकार कळला. त्या मुलाला कुशीत घेऊन विचारायच्या, "तुला आई आवडते ना? आई वाईट नाही ना?" सात वर्षांचा मुलगा आईचे डोळे पुसत म्हणायचा, "तू चांगली आहेस." इथे कोण कुणाला सावरत होतं?

जेराल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं अशा घरांत तासन्‌तास बसून नोंदी केल्या होत्या. १९८२ च्या पुस्तकात त्यानं जे चक्र मांडलं, ते इथे जसंच्या तसं होतं. पालक सांगतो, मूल नाकारतं, पालक पुन्हा सांगतो, मूल आणखी ताणतं. पालकानं हात टेकले तर मूल शिकतं की ताणलं की मिळतं. पालक ओरडला आणि मूल गप्प झालं, तर पालक शिकतो की ओरडलं की काम होतं. दोघांपैकी कुणीही दुष्ट नसतं. त्या क्षणाची सुटका दोघांनाही आवडते, एवढंच.

पण या घरात दुसरं एक चक्र त्याच्या आत बसलं होतं, आणि ते मला उशिरा दिसलं. रात्री मुलं झोपल्यावर त्या फोन घेऊन बसायच्या. मुलांना वाढवण्याबद्दलचे व्हिडिओ, लेख, सल्ले. एकात असायचं की मुलाच्या प्रत्येक हाकेला प्रतिसाद दिला नाही तर त्याचा विश्वास तुटतो. दुसऱ्यात, की प्रत्येक हाकेला धावलात तर मूल परावलंबी होतं. वाचून पाच मिनिटं हायसं वाटायचं, मग नवी शंका, मग नवा लेख. दीड वाजायचा. माहिती मिळवतोय असं त्यांना वाटत होतं. खरं तर त्या दारं-खिडक्या लावल्यात का हे वीस वेळा बघणाऱ्या माणसासारखं वागत होत्या. चिंता अशी खात्री मागते, जी कुणालाच मिळत नसते. थोडी खात्री मिळाली की तिची भूक वाढते.

माझे तीन आठवडे

मी सुरुवात पुस्तकी केली. श्वासाचा व्यायाम शिकवला. विचारांची नोंदवही दिली: प्रसंग, विचार, भावना, पर्यायी विचार. विचार तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धत मांडणाऱ्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेकच्या पद्धतीतलं हे नेहमीचं साधन आहे आणि मी ते शेकडो वेळा वापरलंय. त्यांनी वही इतकी चोख भरली की मी खूश झाले. सुवाच्य अक्षर, चारही रकाने पूर्ण, एकही दिवस चुकलेला नाही. तिसऱ्या आठवड्यात सहज विचारलं, हे लिहिता कधी?

"सगळं आवरल्यावर. साडेबारा-एकला."

म्हणजे ज्या बाईला झोप मिळत नाही, तिला मी रात्री एकचा आणखी एक गृहपाठ दिला होता. आणि त्या तो शाळेतल्या हुशार मुलीसारखा, मार्क जाऊ नयेत म्हणून करत होत्या. पर्यायी विचाराच्या रकान्यात काय लिहिलं तर मॅडमना आवडेल, हे त्या शोधत होत्या. एका पानावर तर समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: "बरोबर आहे का?"

ते दोन शब्द वाचून मी आमचा मेसेजचा धागा उघडला आणि मोजदाद केली. तीन आठवड्यांत ६१ मेसेज. त्यातले ४८ मेसेज, शब्दांचा फेरफार सोडला तर, एकच प्रश्न विचारत होते: मी बरोबर केलं ना? बहुतेक रात्री अकरानंतरचे. आणि मी जवळजवळ सगळ्यांना उत्तर दिलं होतं, प्रेमानं, तत्परतेनं. लेख, व्हिडिओ, नवरा आणि मुलगा यांच्या रांगेत मीही उभी होते. जीएडी-७ चे गुण त्या आठवड्यात १५. म्हणजे जवळपास काहीच हललं नव्हतं, फक्त त्यांना माझ्याबद्दल फार कृतज्ञता वाटत होती.

चौथ्या सत्रात हे मी त्यांच्यासमोर ठेवलं. दोष त्यांचा नाही, हे आधी सांगितलं, कारण मेसेज करा असं मीच म्हणाले होते. मग विचारलं, "माझं उत्तर आल्यावर किती वेळ बरं वाटतं?" त्यांनी विचार केला. "सुरुवातीला सकाळपर्यंत. आता दहा मिनिटं." उत्तर त्यांचंच होतं, मला पुढे काही समजवावं लागलं नाही.

नवा नियम दोघींनी मिळून केला. मेसेज कधीही पाठवा, मी दिवसातून एकदा, संध्याकाळी पाचला वाचेन. "बरोबर केलं का" या प्रश्नाला उत्तर देणार नाही. त्याऐवजी त्यांनी पाठवण्याआधी दोन ओळी लिहायच्या: काय होईल असं वाटतंय, आणि उत्तर न मिळता मी किती वेळ थांबू शकते. सुरक्षेचा प्रश्न असेल तर आराखड्यातले क्रमांक आहेतच, त्यासाठी मेसेजची वाट बघायची नाही. शेवटची अट मी तीनदा वाचून दाखवली, कारण हाताशी नसणं आणि सोडून जाणं यांत फरक करता आला नाही तर नियम घातक ठरतो.

पहिला आठवडा कठीण गेला, माझ्यासाठीसुद्धा. रात्री फोन थरथरायचा आणि मी तो उलटा ठेवायचे. चौथ्या दिवशी मेसेज होता: "तुम्हाला माझा कंटाळा आला का?" संध्याकाळी पाचला मी लिहिलं, "नाही. गुरुवारी साडेसहाला भेटतोय." त्यापलीकडे एक शब्द नाही. ते वाक्य पाठवताना मला जितकं जड गेलं, तितकं त्या सबंध प्रकरणात दुसरं काही गेलं नाही.

दाराशी कोण आधी पोचतं

एक सत्र आम्ही रात्री नऊला ठेवलं. मुलाला सांगितलं होतं की आईला मदत करणाऱ्या एक बाई फोनवर ऐकणार आहेत, आणि तो हो म्हणाला होता. फोन बोळातल्या कपाटावर उभा केला, कॅमेरा भिंतीकडे. मला फक्त आवाज येत होता आणि त्यांच्या कानात माझा.

९ वाजून ६ मिनिटांनी दिवा बंद झाल्याची टिकटिक. शांतता. मग पावलं. मी हळूच विचारलं, "त्यानं हाक मारली का?" त्या थबकल्या. "नाही. म्हणजे... तो हलला असं वाटलं." मुलानं हाक मारायच्या आधीच त्या दाराशी पोचल्या होत्या. दार किंचित किरकिरलं, आणि तेव्हा आतून आवाज आला: "आई?"

माझ्या खोलीत बसून त्या वर्षभर जरी बोलल्या असत्या, तरी हे मला कळलं नसतं, कारण त्यांनाच ठाऊक नव्हतं. पुढचे तीन दिवस त्यांनी कागदावर रेघा मारल्या, बोलावल्यावर गेल्याच्या उभ्या आणि न बोलावता गेल्याच्या आडव्या. पहिल्या रात्री १४ फेऱ्या, त्यातल्या ५ आडव्या. दुसऱ्या रात्री ११ पैकी ४. तिसऱ्या रात्री ९ पैकी ३. फक्त मोजायला लागल्यावर आकडा उतरला, हे नेहमी होतं आणि ते फार टिकत नाही. पण ओरडण्याचं मूळ साडेदहात नसून नऊ वाजून सहा मिनिटांनी आहे, हे त्यांना कुणी सांगण्याची गरज उरली नाही.

मग आम्ही एकच साधन घेतलं. पॅट्रिक फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेला "बेडटाइम पास". झोपताना मुलाला एक कार्ड द्यायचं. त्या कार्डावर एकदाच बाहेर येता येतं किंवा एकदाच आईला बोलावता येतं, कारण कुठलंही असो. काम झालं की कार्ड आईकडे. त्यानंतर हाक आली तर उत्तर नाही, बाहेर आला तर न बोलता, न रागावता परत अंथरुणात. कार्ड मुलानं स्वतः बनवलं. एका बाजूला रॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात "१ वेळा". आईला एवढंच करायचं होतं: कार्ड परत आल्यावर दारापाशी जायचं नाही.

हे त्याच्या झोपेसाठी होतं, पण त्यांच्यासाठी तो चिंतेला सामोरं जाण्याचा प्रयोग होता. म्हणून आधी भाकीत लिहून घेतलं: "तो तासभर रडेल. सकाळी माझ्याशी बोलणार नाही. खात्री ९० टक्के." एक इशाराही दिला. आतापर्यंत हुकमी चालणारी गोष्ट बंद झाली की मूल आधी ती जास्त जोरात करून बघतं. दुसरी किंवा तिसरी रात्र पहिलीपेक्षा वाईट असू शकते. त्याच रात्री माघार घेतली तर मूल शिकेल की आणखी जोर लावायचा असतो. तेवढी ताकद नसेल तर या आठवड्यात सुरूच करू नका, असंही म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

पहिल्या रात्री त्यानं दहा मिनिटांत कार्ड खर्च केलं आणि नंतर आठ हाका मारल्या. दुसरी रात्र बरी. तिसऱ्या रात्री २६ मिनिटं रडला, भिंतीवर पाय आपटले. त्या बोळात जमिनीवर बसून राहिल्या. मला संध्याकाळी पाचला जो मेसेज वाचायला मिळाला, त्यात प्रश्न नव्हता: "२६ मिनिटं. मी गेले नाही. हात थरथरत होते. सकाळी तो नेहमीसारखा बोलला." पाचव्या रात्री त्यानं कार्ड वापरलंच नाही. उशीखाली घट्ट धरून झोपला. मुलं असं करतात. हातात एक हक्क आहे एवढ्या भरवशावर ती झोपून जातात. सहा दिवसांनी झोपायची वेळ साडेनऊवर आली.

माफीचंही रूप बदललं. आईनं कधीच चुकू नये अशी मुलांची गरज नसते. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकानं १९५३ मध्येच "पुरेशी चांगली आई" ही कल्पना मांडली होती, आणि एडवर्ड ट्रॉनिक यांच्या आई-बाळांच्या निरीक्षणांतूनही दिसतं की सूर बराच वेळ जुळलेला नसतो. महत्त्व तुटलेलं पुन्हा जुळण्याला असतं. पण जुळवणं आईनं करायचं असतं, मुलानं नाही. आम्ही तीन वाक्यं ठरवली: "मी मोठ्यानं ओरडले. ते चुकलं. झोपायची वेळ मात्र तीच आहे." मध्ये "पण तू" नाही, शेवटी प्रश्न नाही. दहा सेकंदांत संपतं. त्या म्हणाल्या, एवढं कोरडं कसं बोलू? मी म्हटलं, हात त्याच्या डोक्यावर ठेवून बोला.

नवरा

पाचव्या सत्राला ते त्यांच्या कामाच्या ठिकाणाहून जोडले गेले. मी तयारी केली होती ती मदत न करणाऱ्या नवऱ्याशी बोलायची. ते म्हणाले, "मी झोपवायला गेलो की दोन मिनिटांनी ही दारात उभी. मग मी जायचं सोडून दिलं." पडद्यावर दुसऱ्या चौकटीत त्या गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, "खरंय."

नवऱ्याची मदत कमी पडत होती हेही खरं, आणि त्यांना जागा मिळत नव्हती हेही. आठवड्यातले दोन दिवस झोपवण्याची पूर्ण जबाबदारी नवऱ्याची ठरली. पूर्ण म्हणजे कार्ड, रडणं, पांघरूण, सगळं. त्या वेळेत आईनं कानात इअरफोन घालून खाली गाडीत बसायचं. पहिल्या दिवशी सव्वानऊला त्या जिना चढून अर्ध्यावर आल्या आणि परत गेल्या, हे त्यांनीच सांगितलं.

ती गाडी आणखी एका कामाला आली. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सुचवलेली युक्ती आहे: काळजीसाठी रोज एक ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा. दिवसभर मनात येईल ते टिपून ठेवायचं आणि त्या वेळेपर्यंत पुढे ढकलायचं. संध्याकाळी सातची वीस मिनिटं, चालकाच्या खुर्चीत. निम्म्या टिपा तिथे पोचेपर्यंत शिळ्या व्हायच्या. उरलेल्यांपैकी ज्यांवर काही करता येईल त्यांवर पुढचं पाऊल लिहायचं, बाकीच्यांना तसंच राहू द्यायचं. जिथून पळून जावंसं वाटायचं, त्या खुर्चीतून त्या रोज वर परत यायला लागल्या. मी हे मुद्दाम योजलं नव्हतं.

मध्येच ताप

आठव्या आठवड्यात मुलाला ताप आला. कार्ड बाजूला ठेवलं, तसंच करायचं असतं; आजारी मूल बोलावील तेव्हा जायचं. ताप चार दिवसांत उतरला, पण कार्ड परत सुरू व्हायला दोन आठवडे गेले आणि मेसेज पुन्हा रात्रीचे येऊ लागले. त्यांना वाटलं सगळं पाण्यात गेलं. दुसऱ्या खेपेला तिसरी रात्र ११ मिनिटांची होती.

याच सुमारास त्यांनी औषधांबद्दल विचारलं. मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. गुण उतरणीला लागले आहेत हे बघून दोघांनी मिळून सहा आठवडे थांबायचं ठरवलं. नंतर गरज पडली नाही. पडली असती तर घ्यायला हवी होती. चिंतेवरची औषधं आणि थेरपी यांत कुस्ती नसते.

पडद्यावरून काय जमतं

जोनाथन कोमर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तनाच्या तक्रारी असलेल्या लहान मुलांच्या पालकांना कानातल्या इअरफोनमधून, घरी, व्हिडिओवरून मार्गदर्शन केलं. परिणाम दवाखान्यात दिलेल्या प्रशिक्षणाच्या तोडीचे होते. चिंतेसाठीच्या इंटरनेटवरच्या उपचारांवर स्वीडनमध्ये गेरहार्ड अँडरसन आणि इतरांनी वर्षानुवर्षं काम केलंय, आणि त्यातून वारंवार दिसलं की नुसतं साहित्य हातात दिल्यापेक्षा मागे माणूस असेल तर लोक टिकतात आणि सुधारतात. माणसानं किती वेळा उत्तर द्यावं हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझ्या अनुभवात तोच कळीचा ठरला.

घरात मारहाण असेल, आत्महत्येची ठोस योजना असेल, मुलाच्या जिवाला धोका असेल, भास होत असतील किंवा नशा सोडताना शरीर थरथरत असेल, तर मी पडद्यावर अवलंबून राहत नाही. तिथे प्रत्यक्ष माणूस आणि प्रत्यक्ष यंत्रणा लागते. मारहाणीच्या घरात तर व्हिडिओ सत्रच धोक्याचं ठरू शकतं, कारण ऐकणारा कोण आहे हे मला दिसत नाही.

साधी एक गोष्ट. त्यांना दुसऱ्या महिन्यात मी पडद्यावरचा स्वतःचा चेहरा लपवायला सांगितला. तोपर्यंत त्या बोलताना सतत स्वतःकडे बघत होत्या, केस नीट करत होत्या, रडू आलं की चेहरा सावरत होत्या. चौकट गेल्यावर पंधरा मिनिटांनी त्या खुर्चीत मागे रेलल्या. खांदे खाली आले. इतक्या आठवड्यांत ते मी पहिल्यांदा पाहिलं.

कुठवर आलं

एकूण बारा सत्रं झाली. पहिली आठ पन्नास मिनिटांची, शेवटची चार पंचवीस. जीएडी-७ चे गुण १६, १५, ११ आणि शेवटी ७ असे उतरले. तापाच्या आठवड्यात मध्येच १४. पीएचक्यू-९ चे ११ वरून ५. नववा प्रश्न प्रत्येक वेळी मी तोंडी विचारला, त्या कुठे बसल्या आहेत हे कळल्यावर. त्या अजूनही ओरडतात, आठवड्यातून एखाद-दोनदा. ऑफिसातला ताण जसाच्या तसा आहे, त्याला आम्ही हातच घातला नाही, आणि तीन महिन्यांनंतरच्या फोनवर गुण ८ आले ते मुख्यतः त्यामुळे. पुढची तीन सत्रं त्यासाठी ठरली आहेत.

त्याच फोनवर त्यांनी सांगितलं की आदल्या आठवड्यात रात्री एक वाजता त्यांनी मला मेसेज लिहिला होता. मुलगी रडत झोपली होती, आता तिलाही कार्ड हवंय आणि तिला ते अजून नीट कळत नाही. मोठा मेसेज होता. शेवटी नेहमीचा प्रश्न. पाठवायचं बटण दाबलं नाही, फोन बाहेर ठेवून आल्या.

"सकाळी वाचला," त्या म्हणाल्या, "आणि पुसून टाकला. तिला दोन कार्डं दिलीत, ती तीनच वर्षांची आहे."

मी विचारलं नाही की त्यांना हे बरोबर वाटतं का. त्यांनीही मला विचारलं नाही.